अननसाच्या वासाचं यंत्र

निर्णय न घेताही माणूस सुखानं आणि अब्रूनं जन्म काढू शकतो, यावर माझा विश्वास बसला तो माझ्या बहिणीच्या नवऱ्यामुळे. आमचे भावोजी मुरबाड तालुक्यातले, सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका गावचे भातशेतकरी. साठी उलटून गेली, पण एवढ्या काळात त्यांनी कशालाही एका दमात हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. कुणी काही विचारलं की ते दोन्ही हात पुढे करतात, तळवे वर, आणि सुरू करतात, "ह्या हातात बघ, असं हाय. आन् ह्या हातात बघ, तसं हाय." मग एकदा हा हात वर जातो, एकदा तो, आणि विचारणारा चहा पिऊन आपल्या घरी जातो. आमच्या शहापूरच्या बाजारातल्या भाजीवालीचा तराजूसुद्धा कधी ना कधी थांबतो. भावोजींचा थांबत नाही.

ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. पोहे झाले, चहा आला, वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर यांनी तळवे पुढे केले. मुलीत खोट नाही, पण गाव लांब पडतं. लांब पडतं ते बरंच, ऊठसूट माहेर नको. पण लांब म्हटलं की सणासुदीला आणायला जायचं आलं. वडिलांचा चेहरा उतरायला लागला. तेव्हा ताईनं आतून स्वतःच निरोप पाठवला, की पाहुण्यांना सांगा, विचार होईपर्यंत चहा निवतोय आणि दुसरा मिळायचा नाही. भावोजींनी कप एका घोटात रिकामा केला. तोच होकार धरून आम्ही सुपारी फोडली. ताई आजही म्हणते, यांनी मला हो म्हटलेलंच नाही, मी आपली राहतेय.

एकदा माझ्याकडे शहापूरला यायला निघाले. मुरबाडच्या स्टँडवर सरळगाव-किन्हवलीवरून शहापूरला येणारी गाडी लागलेली होती. ती थेट, पण डुलत डुलत येणारी. शेजारी कल्याणची गाडी. तिकडून वळसा, पण पुढं फास्ट लोकल गावली तर टाइम वाचतो. दोन गाड्यांच्या मधोमध उभं राहून भावोजींनी असा काही विचार केला की दोन्ही गाड्या निघून गेल्या. दिवेलागणीला ते माझ्या दारात उतरले, ते दुधाच्या टेम्पोतून, दोन कॅनच्या मध्ये बसून. वर मला सांगतात, हा तिसरा रस्ता मी धरलाच नव्हता हिशोबात. माझं शहापूरला शिवणाचं दुकान आहे. त्या रात्री मी त्यांच्या सदऱ्याला ठिगळं लावत बसले, कारण बिडीच्या ठिणग्यांनी त्यांचे सगळे सदरे छातीवर चाळणी झालेले असत. बिडी हा त्यांचा श्वास होता, असं म्हटलं असतं, पण पुढं जे झालं ते पाहता तसं म्हणवत नाही.

एका बाबतीत मात्र हा माणूस क्षणाचाही वेळ घेत नसे, ती म्हणजे वारा. आमच्या भागात पावसाच्या आधी राब भाजतात. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, वाळक्या डहाळ्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. हे काम दिसायला सोपं, पण वारा फिरला तर आग शेजारच्या बांधावरून कुणाच्या पेंढ्यात शिरेल याचा नेम नाही. म्हणून राब पेटवण्याआधी गावातला जो तो भावोजींना बोलावणार. हे जाऊन उकिडवे बसणार, बिडी शिलगावणार, एक झुरका घेऊन धूर नाकासमोर सोडणार आणि त्या धुराच्या रेघेकडे डोळे बारीक करून बघणार. मग "थांब" किंवा "लाव". त्यात हा हात नाही, तो हात नाही. त्या एका शब्दावर गाव काडी ओढत असे, आणि आजवर कुणाची गवताची काडी जळाली नव्हती. ताई म्हणायची, लग्नाला विचारलं तेव्हा पण हातात बिडी द्यायला हवी होती.

आता त्यांच्या धाकट्या भावाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं होतं. दोघांची शेतं लागून. मधल्या बांधावर एक ऐनाचं झाड, आणि राबासाठी त्या झाडाच्या डहाळ्या कुणी तोडायच्या यावरून दोघांचं वाजलं. तसं बघितलं तर दोघांनी मिळून तोडल्या असत्या तरी झाड उरलं असतं. पण शब्दाला शब्द लागला, आणि सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं ते कित्येक वर्षं. लग्नकार्यात एका पंगतीत बसले तरी मध्ये पाच माणसं. तरीही रोज सकाळी एक गोष्ट व्हायची. धाकटा बांधावर यायचा, ओठात न पेटवलेली बिडी. त्याच्या घरात आगपेटी नव्हती असं नाही. तो यायचा, उभा राहायचा, काही बोलायचा नाही. भावोजी आपली जळती बिडी पुढं करायचे. तिच्या टोकाला टोक लावून तो आपली पेटवायचा आणि जायचा. पाणी आणि विस्तव वैऱ्यालाही नाकारू नये असं आमच्याकडे म्हणतात, त्यामुळे यात कुणाची मान खाली जात नव्हती. गावानं यालाच त्यांचं बोलणं मानलं होतं. एखाद्या सकाळी धाकटा आला नाही तर भावोजी दिवसभर ताईवर खेकसायचे, आणि ताई समजून घ्यायची.

गेल्या वर्षी भावोजींचा खोकला वाढला. रात्र रात्र उठून बसायचे. मीच त्यांना शहापूरला आणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, छातीला नळी लावली आणि साध्या मराठीत सांगितलं, की बाबा, छाती निम्मी गेलीय, उरलेली हवी असेल तर बिडी आजपासून बंद. भावोजींनी सवयीनं तळवे वर केले. डॉक्टर म्हणाला, हात खाली ठेवा, यात दुसरी बाजू नाही. मला तो डॉक्टर फार आवडला.

पण माझ्या भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला, दुसरी बाजू सापडली. तो कल्याणला कंपनीत कामाला आहे. तिकडं रस्त्यावर चार्जर आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणाकडून तरी त्यानं एक स्वस्तातलं व्हेप आणलं. बोटाएवढी रंगीत नळी. ओढली की टोकाला निळा दिवा लागतो आणि तोंडातून ढग निघतो. पोरानं बापाच्या काळजीनंच आणलं, त्याला काय बोलणार? बाबा, यात आग नाय, राख नाय, बिडी सोडवायला लोक हेच घेतात, असं त्यानं सांगितलं. मी डॉक्टरला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, ते विकायलाच आपल्याकडे बंदी आहे, आणि आतलं निकोटीन काही देवाचं तीर्थ नव्हे. हे मी भावोजींना जसंच्या तसं सांगितलं. चूक एवढीच केली की ते यंत्र हातात धरून बसलेले असताना सांगितलं.

पुढचे दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. मी सुट्टीला गेले होते, तेव्हा ओटीवर बसून ते सगळं माझ्या कानांनी ऐकलं. ह्या हातात बघ, सदऱ्याला भोक पडत नाय, तुझं शिवायचं काम कमी. ह्या हातात बघ, लाइट गेली का चार्जिंग बंद, आन् आमच्याकडं लाइट येती कदी? ह्या हातात, बिडीचा वास नाय, तुझी बहीण जवळ बसती. ह्या हातात, वास अननसाचा येतो, आन् मी अननस जन्मात खाल्लेला नाय, मग तोंडात नसलेल्या गोष्टीचा वास कशाला मिरवायचा? ताई मध्येच म्हणाली, की हे गोठ्यात ती पिपाणी ओढत गेले तर म्हैस पान्हा चोरते. भावोजींनी तेही प्रामाणिकपणे डाव्या हातात टाकलं. खोकला कमी झाला का, असं मी विचारलं, तर म्हणाले, दिवसा कमी वाटतो, रात्री तेवढाच. बंदीचं काय, म्हटलं. ते म्हणाले, पोलीस ह्या गावात यायला रस्ताच नीट नाय, पण चोरीचा माल वाटतो खरा, हातात घेतला का मागं बघावंसं वाटतं.

एक मुद्दा मात्र त्यांनी लाखातला काढला. म्हणाले, "बिडी संपली का माणूस उठतो न् कामाला लागतो. हे संपतच नाय गो. मग उठायचं कदी?" मी माझ्या दुकानातल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण मशीन थांबवून हसल्या. एवढं सगळं तोलूनसुद्धा काही ठरलं नव्हतं. ठरेपर्यंत ते ओढत होते, एवढंच.

त्यांनी हातात न घेतलेली गोष्ट मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. मी दात घासत अंगणात उभी होते. भावोजी बांधाजवळ दगडावर बसलेले, तोंडाला नळी, भोवती अननसाचा ढग. पलीकडून धाकटा आला. ओठात बिडी. भावोजींचा हात सवयीनं पुढं गेला आणि हातात ती रंगीत नळी बघून मध्येच थांबला. तिच्या टोकाला विस्तव थोडाच होता, निळा दिवा होता, तोही तेवढ्यात विझला. धाकट्यानं त्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं. मग त्यानं ओठातली बिडी काढून कानावर ठेवली आणि परत गेला. ताईनं सांगितलं, पहिल्या दिवसापासून असंच चाललंय. आधी रोज यायचा, आता दोन-चार दिवसांनी येतो, आणि पुढं यायचाही नाही. "त्याला वाटतंय ह्यांनी विस्तवपण तोडला," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

माझा स्वभाव तापट. मी तशीच बांधावर गेले आणि म्हटलं, भावोजी, खिशात एक आगपेटी ठेवा आणि पुढं करा, संपलं, यात दोन महिने कुढण्यासारखं काय आहे? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी लहान मूल आहे. "बिडी पेटलेली आसली का ती आपोआप पुढं व्हती," ते म्हणाले. "आगपेटी पुढं करनं म्हंजी बोलनं झालं. पयलं कोन बोलनार?" मग पुन्हा बिडी ओढा, असं तर मी म्हणू शकत नव्हते. छातीचा फोटो मीच पाहिला होता. एका हातात त्यांची छाती आणि दुसऱ्या हातात त्यांचा भाऊ, असा तो मामला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची खरोखर दया आली.

राबाचे दिवस आले. या वेळी भावोजींना आपलाच राब भाजायचा होता, धाकट्याच्या बांधाला लागून. मी अजून तिथंच होते. शेजारचे दोघं-तिघं मदतीला आलेले. भावोजी नेहमीसारखे उकिडवे बसले. फक्त हातात बिडीऐवजी नळी. त्यांनी झुरका घेऊन ढग नाकासमोर सोडला आणि डोळे बारीक केले. आता बिडीचा धूर कसा, रेघेसारखा, जरा झुळूक आली की वाकडा होतो. हा ढग जाड, ओलसर. तो त्यांच्या नाकासमोर खुशाल बसून राहिला आणि बसल्या जागी नाहीसा झाला. "वारं नाय. लाव," भावोजी म्हणाले. इतक्या वर्षांच्या शब्दावर कुणी दुसरा विचार केला नाही. मीही केला नाही, आणि माझा तर पदर उडत होता.

राब भडकला तो सरळ बांधाकडे. बांधावरच्या वाळक्या गवतानं पेट घेतला आणि आग पलीकडे धाकट्याच्या पेंढ्याच्या उडवीला जाऊन भिडली. आख्खा पावसाळा गुरांना पुरायचा तो पेंढा. धाकटा घरातून धावत आला. करंजाच्या हिरव्या डहाळ्या तोडून आम्ही सगळे आग झोडपत सुटलो. ताई हंड्यांवर हंडे ओतत होती. भावोजी तर छाती विसरून पुढं घुसले होते. शेवटी अर्धी उडवी वाचली, अर्धी काळी झाली. सगळे काळवंडलेल्या तोंडांनी उभे राहिले, आणि आजूबाजूचं गाव गोळा होऊन वाट बघायला लागलं, की आता कोयता निघतो की नुसत्याच शिव्या.

धाकट्यानं जळालेल्या पेंढ्याकडे बघितलं. मग भावाकडे. कित्येक वर्षांनी तो त्याच्याशी बोलला.

"येवढी आग व्हती तुझ्याकडं, तर मला सकाळची द्याला काय झालं व्हतं?"

भावोजी चहाला हो म्हणायलासुद्धा वेळ घेतात. पण त्यांचे हात वर आले नाहीत. "बिडी सोडलीय रे," ते म्हणाले. "डाक्तर बोल्ला, छाती गेलीय."

धाकट्यानं हातातली करंजाची डहाळी खाली टाकली. त्याच्या तोंडावरचा राग कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, एवढं दिसत होतं. मग म्हणाला, "मला कुनी सांगलं नाय." यावर ताईनं हंडा खाली आदळला आणि तुम्ही दोघं माणसं आहात की दगड, इथपासून सुरुवात करून जे तोंड सोडलं ते सगळ्या गावानं ऐकलं. त्यात डॉक्टर, फोटो, रात्रीचा खोकला, बांध, ऐनाचं झाड आणि दोघांची मेलेली आई असं सगळं आलं. दोघंही मान खाली घालून ऐकत होते. लहानपणी आईसमोरही असेच उभे राहत असतील.

संध्याकाळी भावोजींनी आपल्या उडवीतला अर्धा पेंढा भारे बांधून धाकट्याच्या खळ्यात नेऊन टाकला. एकदाही तोलला नाही. धाकटा ओटीवर आला, बसला, आणि ज्या वस्तूनं हा घोटाळा केला ती बघायला मागितली. नळी फिरवून फिरवून बघितली, एक झुरका घेतला, थुंकला आणि म्हणाला की हे म्हणजे अत्तराची बाटली चोखल्यासारखं हाय. मग दोघं भाऊ त्या यंत्राचे गुणदोष मोजत बसले, ह्या हातात आणि त्या हातात. धाकटाही तळवे वर करून बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. खानदानीच आहे ते. ताईनं दोघांना भाकऱ्या वाढल्या तेव्हासुद्धा चार तळवे वरच होते.

पुढं ते यंत्र आपोआपच संपलं. स्वस्तातलं होतं, त्यात पुन्हा काही भरता येत नव्हतं. भाच्यानं विचारलं, दुसरं आणू का? भावोजी म्हणाले, "विचार करून सांगतो." तो विचार अजून चालू आहे. नळी आणायची की नाही हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय बिडीकडे परत जाणं बरोबर दिसत नाही, म्हणून ते काहीच ओढत नाहीत. डॉक्टरला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यांना घाई करू नका. लोक मनाचा निग्रह करून व्यसन सोडतात. आमच्या भावोजींनी निग्रह न करून सोडलं.

गेलेली छाती मात्र परत आलेली नाही. मी भातकापणीला गेले होते, तेव्हा पाहिलं, घरापासून बांधापर्यंत जाताना ते दोनदा थांबतात. धाकटा आता रोज तिथं त्यांची वाट बघत बसलेला असतो, बिडी ओढत. मोठ्या भावासमोर बिडी ओढू नये ही आमच्याकडची साधी रीत. भांडण झालं त्याच दिवशी धाकट्यानं ती रीत मोडली होती, मुद्दाम, तोंडावर धूर सोडून. आता थोरला येताना दिसला की हा पन्नाशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा बिडी दगडावर घासून विझवतो आणि धूर गिळून बसतो. हे भावोजींना इतकं गोड वाटतं, की ते वाटेतल्या आंब्याच्या वळणावर पोचले की मोठ्यांदा खोकतात, भावाला विझवायला वेळ मिळावा म्हणून. मला त्यांनी हे हसत हसत सांगितलं.

ताई म्हणते, त्यातले सगळेच खोकले मुद्दाम नसतात, आता कमीच असतात. तिला घरात बसून फरक कळतो. मला अजून कळत नाही. धाकट्याला मात्र कळत असणार. खोकला कुठलाही असो, तो बिडी विझवतो आणि हात धरायला उठून उभा राहतो.